कान तापतात तेव्हा : एका फाउंड्री मिस्त्रीच्या रागाचं प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगचा म्हणजे साचे बनवायचा विभाग सांभाळणारे हे गृहस्थ राग आवरायला शिकण्यासाठी माझ्याकडे स्वतःहून आले नव्हते. रक्तदाबाच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. गोळी चालू असूनही दाब १५०/९६च्या आसपासच राहत होता. डॉक्टरांनी तपासता तपासता ‘घरी सगळं बरं आहे ना’ असं विचारलं, आणि सोबत आलेल्या पत्नीने इतके दिवस दाबून ठेवलेलं सांगून टाकलं : यांनी पोराचा मोबाईल फरशीवर आपटला, त्याच्या कानशिलात दिली, आणि पोरगा पिशवी भरून निपाणीला मामाकडे निघून गेला.

कारखान्यात त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, इथे मीही तेच म्हणते. वय सेहेचाळीस. ओळख पटू नये इतपत बाकीचे तपशील बदलले आहेत. हे लिहायला त्यांची आणि त्यांच्या पत्नीची संमती आहे.

खुर्चीत बसल्यावर मिस्त्रींचं पहिलं वाक्य होतं, “मॅडम, मला राग येत नाही. मला राग आणतात.”

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली माणसं रागासाठी कुणाकडे जात नाहीत. ती पित्तासाठी जातात, डोकेदुखीसाठी, झोप नाही म्हणून, बीपी वाढलं म्हणून जातात. राग हा स्वभाव समजला जातो. ‘तापट आहे, पण मनाचा चांगला’ हे घरातली बाई पाहुण्यांना कौतुकाने सांगते, आणि पाहुणे गेल्यावर त्याच तापट माणसाच्या पावलांचा अंदाज घेत स्वयंपाक करते. दुसऱ्या बाजूला, रागासाठी श्वासाचे व्यायाम सांगणारेही आता गल्लोगल्ली आहेत. मला त्या व्यायामांबद्दल आदर आहे, मी रोज तेच शिकवते. पण कोणत्या माणसाला, त्याच्या दिवसातल्या कोणत्या घडीला आणि त्यानंतर काय करण्यासाठी, हे ठरवल्याशिवाय ते दिले तर चार दिवसांत सुटतात. मिस्त्रींचं प्रकरण सविस्तर लिहायचं कारण हेच आहे.

खानापूर रस्त्यावरच्या गावात त्यांचं घर. दोन एकर भाताची जमीन, त्यात इंद्रायणी. सकाळी सहाला शेतात फेरी, मग शिफ्ट. वितळलेलं लोखंड १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास ओततात. एकदा लाडल, म्हणजे तो रस वाहून न्यायचं भांडं, भरून निघाली की थांबायची सोय नाही. धातू निवला तर साचा नीट भरत नाही, कास्टिंग म्हणजे ओतलेला नग वाया जातो, आणि रिजेक्शनचा म्हणजे नापास नगांचा आकडा वाढला की संध्याकाळी ऑफिसातून बोलावणं येतं. शेजारी साचे फोडायचा आवाज, पलीकडे फेटलिंगचे, म्हणजे नग घासून साफ करायचे, ग्राइंडर. हाताखालची बरीच मुलं बिहार-ओडिशाची, बोलणं हिंदीत, तेही आवाजात अर्धं विरून जाणारं. तिथे ओरडणं हे कामाचं अवजार आहे. मिस्त्री वीस-बावीस वर्षं ते अवजार वापरत आले आणि संध्याकाळी ते कारखान्यात ठेवून यायची सवय कधी लागलीच नाही.

त्यात उष्णता. घाम जातो, पाणी कमी पोटात जातं, चहा मात्र दर दोन तासांनी. गालात तंबाखू. सेकंड शिफ्ट असली की घरी यायला मध्यरात्र होते आणि शेत सहालाच बोलावतं, म्हणजे जेमतेम पाच तास झोप. चहातलं कॅफीन आणि तंबाखूतलं निकोटीन, दोन्ही हृदयाचे ठोके आणि दाब वाढवतात. अपुऱ्या झोपेने माणूस चिडचिडा होतो, हे तर लहान बाळाच्या आईलाही ठाऊक आहे. ठिणगी पडायच्या आधीच मिस्त्रींचं शरीर सज्ज अवस्थेत असायचं.

ज्या दिवशी मोबाईल फुटला त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. सुट्टीचा दिवस त्यांनी शेताच्या कागदासाठी काढला होता. आजोबांच्या वेळची वाटणी तोंडी झालेली, चुलतभावाचा बांध दरवर्षी थोडा थोडा इकडे सरकतो असं त्यांचं म्हणणं. जमिनीचा उतारा कानडीत. मिस्त्री मराठी शाळेत शिकलेले, कानडी बाजारापुरतं बोलतात, वाचता येत नाही. त्या सरकारी कार्यालयात ते सकाळपासून उभे होते. खिडकीपलीकडचा माणूस दर वेळी “ओंदु निमिष री”, म्हणजे ‘एक मिनिट हो’, म्हणत होता. दुपारी कळलं, सर्व्हेअर आज आलेच नाहीत. उपाशीपोटी तीन वाजता घरी आले, तर बारावीचा पोरगा खाटेवर मोबाईल घेऊन पडलेला. हाक मारली. तो म्हणाला, “पप्पा, एक मिनिट.”

हा क्रम त्यांनी मला तिसऱ्या भेटीत सांगितला. पहिल्या भेटीत ते फक्त म्हणाले होते, “पोरगं मोबाईल सोडत नव्हतं, डोकं फिरलं.” दोन्हीत केवढं अंतर आहे! सकाळचं कार्यालय, पोटातली भूक, कानात बसलेला तो ‘एक मिनिट’, हे सगळं पोराच्या कानशिलावर गेलं. याने मारणं माफ होत नाही. पण पुढच्या वेळी कुठे अडवायचं, हे त्या क्रमावरूनच कळतं.

तंत्र शिकवण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करून घ्याव्या लागतात. एक, राग हे दुसऱ्या कशाचं लक्षण तर नाही. थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, दारू, डोक्याला जुना मार, आणि उदासीनता. पुरुषांमधली उदासीनता पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपात दिसते. मिस्त्रींच्या बाबतीत डॉक्टरांनी तपासण्या केल्या. दारू यात्रेला, लग्नाला, एवढीच. झोप कमी होती, पण कामामुळे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, घर सुरक्षित आहे का. मी त्यांच्या पत्नीशी वेगळं बसून बोलले, आणि आडवळणाने न विचारता सरळ विचारलं : तुमच्यावर हात उचलतात का, धमकी देतात का, पैसे अडवतात का, तुम्हाला त्यांची भीती वाटते का? त्या म्हणाल्या, “माझ्यावर कधी नाही. पोरावर लहानपणी एकदा आणि आता हे. पण तोंड सुटलं की काय बोलतील सांगता येत नाही. पोरगी तर ते गेटातनं आत आले की वही घेऊन आतल्या खोलीत जातीया.” मुलीशीही बोलले. उत्तरं जुळली. इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. ज्या घरात वारंवार मारहाण आहे, जिथे बाई-मुलं जिवाच्या भीतीने वागतात, तिथे पहिलं काम त्यांच्या सुरक्षिततेचं. मदतीचे फोन क्रमांक : महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. अशा ठिकाणी मारणाऱ्याला प्राणायाम शिकवत बसलं, तर ‘मी आता सुधारतोय’ म्हणायला त्याला एक आडोसा मिळतो, बाकी काही बदलत नाही.

मिस्त्रींनी पूर्वी स्वतःच्या परीने प्रयत्न केले होते. टीव्ही बघून सकाळी कपालभाती करत होते, जोरात. दाब आटोक्यात नसताना जोरकस, झटक्याचे श्वास टाळायला सांगितलं जातं, आणि आधीच सज्ज असलेल्या शरीराला ते आणखी चढवतात. ते मी थांबवायला सांगितलं. गावातल्या एका शिबिरात डोळे मिटून ध्यानाला बसले होते. त्याबद्दल म्हणाले, “डोळे मिटले की बांध दिसतोय. चुलतभाऊ दिसतोय. अर्ध्या तासाने उठलो तर जास्तच पेटलेलो.” यात त्यांच्या मनाची कमजोरी नाही. घोळवत बसायची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला डोळे मिटून शांत बसवणं पुष्कळदा असंच उलटतं.

तिसरा उपाय त्यांचा आवडता होता. राग आला की परसात जाऊन लाकडं फोडायची. यावर आमचा चांगलाच वाद झाला. मिस्त्री म्हणाले, “मॅडम, साच्यात गॅस तयार होतोय. व्हेंट ठेवला नाही तर कास्टिंगात ब्लोहोल पडतंय. माणसाचंही तसंच की. बाहेर काढलं पाहिजे.” व्हेंट म्हणजे वायू जायला ठेवलेली वाट, ब्लोहोल म्हणजे अडकलेल्या वायूने नगात पडलेली पोकळी. दाखला त्यांच्या धंद्यातला, आणि धंद्यापुरता अगदी खरा. पण साच्यातला गॅस निघाला की संपतो. राग बाहेर काढताना माणूस ज्याच्यावर चिडलाय त्याचाच विचार करत असतो, आणि प्रत्येक घावासरशी शरीर आणखी तापत जातं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर हे तपासलं. चिडवलेल्या काहींना, चिडवणाऱ्याचा विचार करत ठोसे मारायची पिशवी बडवायला दिली, काहींना व्यायाम म्हणून बडवायला सांगितलं, काहींना नुसतं बसवलं. सगळ्यात जास्त रागात राहिले ते, त्या माणसाचा विचार करत बडवणारे. नुसते बसलेले सगळ्यात कमी आक्रमक वागले. २०२४ मध्ये सोफी क्यारविक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास, १० हजारांहून अधिक माणसं, एकत्र घेऊन पाहिलं. शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे सावकाश श्वास, स्नायू सैल सोडणं, ध्यान, योग यांनी राग कमी होतो. उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींचा एकंदरीत उपयोग दिसला नाही, आणि धावण्याने तर राग वाढण्याकडेच कल दिसला.

मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे लाकडं फोडताना मी त्यालाच फोडत होतो.” लाकडं आता रविवारी निवांत फोडतात. घराला लागतातच.

राग आल्यावर शरीरात काय होतं ते मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. मेंदूच्या आत अमिग्डाला नावाचा छोटा भाग धोका टिपतो. विचार पुरा व्हायच्या आत तिथून इशारा जातो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनलीन सोडतात, ठोके वाढतात, दाब चढतो, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, जबडा आवळतो. मागोमाग कॉर्टिसॉल, ताणाचं दुसरं संप्रेरक. चुलतभाऊ समोर उभा असो की नुसता आठवलेला, शरीर तेवढंच पेटू शकतं. आणि हे हृदयाला महाग पडतं : १९९५ साली मरे मिटलमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रागाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका २.३ पटींनी वाढलेला असतो. बीपीच्या माणसाला हा आकडा मी मुद्दाम सांगते. भीती घालायला नव्हे. ‘स्वभाव’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट डॉक्टरी गोष्टही आहे, हे कळावं म्हणून.

मग विचारलं, “तुमच्यात पहिलं काय बदलतं? ओरडण्याच्या आधी?”

त्यांना सांगता येईना. घरच्यांना विचारून यायला सांगितलं. पत्नी म्हणाल्या, “कानाच्या पाळ्या लाल होतात.” मुलगी म्हणाली, “गाडीची चावी टेबलावर आपटतात.” मुलगा तोवर निपाणीहून परत आला होता, पुन्हा हात उचलला तर कायमचा मामाकडे जाईन या अटीवर. तो म्हणाला, “पप्पा ओरडायच्या आधी एकदम गप्प होतात. मला तेव्हाच भीती वाटते. ओरडायला लागले की उलट बरं वाटतं, की आता संपेल.”

हे वाक्य मिस्त्रींनी मला येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज दाटला होता. पोराला आपल्या शरीराची खूण आपल्याआधी कळते, याचं त्यांना फार लागलं.

त्यानंतर ते स्वतः शोधू लागले. कान तापतात. उजवी मूठ अर्धी मिटते. माझ्यासमोर बसून बांधाचं बोलतानाही ती मिटलेली होती, मी दाखवल्यावर त्यांनी हाताकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्याचा आहे. तिथूनच सुरुवात केली, कारण हा माणूस हातांनी विचार करणारा आहे. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत बसवली. ताठरपणा आणि सैलपणा यातला फरक शरीराला शिकवायचा, हे तिचं मर्म. मूठ आवळायची, पाच-सात सेकंद, पूर्ण ताकदीने नाही, श्वास न रोखता. मग सोडायची, आणि सोडल्यावर वीसेक सेकंद त्या हाताकडे लक्ष द्यायचं. मग खांदे, मग जबडा. मिस्त्रींना हे पहिल्याच दिवशी जमलं. साच्यात वाळू किती ठोकायची आणि कुठे थांबायचं, हे ज्या हाताला कळतं त्याला हे अवघड जाणार नव्हतं.

श्वासाचं मात्र जमेना. चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं सांगितलं. पुढच्या भेटीला आले ते वैतागून, “मोजत बसलं की अजून चीड येतीया.” तेव्हा बोलता बोलता कळलं की ते गावच्या भजनी मंडळात टाळ वाजवतात आणि मागे धरतात, म्हणजे म्होरक्याने म्हटलेलं चरण सगळ्यांबरोबर परत म्हणतात. मी म्हटलं, एक चरण म्हणून दाखवा. म्हटलं. एका दमात लांब ओळ, मग पटकन श्वास, परत लांब ओळ. म्हणजे सावकाश, लांब उच्छ्वास हा माणूस वर्षानुवर्षं दर एकादशीला करत आलेला होता.

याला संशोधनाचाही आधार आहे. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी यांच्या गटाने २००१ मध्ये २३ निरोगी माणसांवर पाहिलं की जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना किंवा योगातला मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. या गतीला हृदयाच्या ठोक्यांची आणि रक्तदाबाची लय एकमेकींशी जुळते. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. उच्छ्वास लांबला की व्हेगस हा मेंदूकडून येणारा मज्जातंतू हृदयाला सावकाश चालवतो. शरीराला ‘आता धोका नाही’ असं कळवायचा हा एक मार्ग आपल्या ताब्यात आहे, कारण ठोके आपण हुकमाने कमी करू शकत नाही, श्वास करू शकतो.

मोजणं सोडून दिलं. त्यांनी ओठ मिटून विठ्ठलाचं नाव गुणगुणायचं, एका श्वासात जेवढं लांबेल तेवढं, ओढाताण न करता. सकाळी शेताच्या बांधावर आणि झोपण्यापूर्वी. याशिवाय घरी जाताना वाटेवरचं रेल्वे गेट पडलेलं असलं की तिथे. आधी त्या गेटवर ते हॉर्न वाजवणाऱ्यांशी भांडत. आता हेल्मेट घालून गुणगुणतात, कुणाला कळतही नाही. शांत असतानाचा सराव मी आग्रहाने मागते. राग चढलेल्या डोक्याला नवी गोष्ट शिकता येत नाही, शिकलेलीच तेवढी आठवते, तीही कधीकधी.

कारखान्यात ओतकाम चालू असताना यातलं काही होणार नाही, हे दोघांनाही कबूल होतं. तिथे लक्ष लोखंडावरच हवं. दोन हीटच्या, म्हणजे भट्टीच्या दोन खेपांच्या, मधल्या वेळात, भट्टी भरत असताना, नळावर जाऊन तोंडावर गार पाणी आणि ग्लासभर पाणी पोटात, एवढं ठरलं. चेहऱ्यावर गार पाणी पडलं की ठोके मंदावण्याची एक उपजत प्रतिक्रिया शरीरात असते. ज्यांना ठोक्यांच्या अनियमिततेचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच. दुपारनंतरचे दोन चहा बंद केले. तंबाखू कमी झाली आहे, सुटलेली नाही.

नोंदी ठेवायला वही दिली तर ती कोरी आली. मग त्यांनीच मार्ग काढला. रिजेक्शनच्या तक्त्यावर रोज खुणा करणारा माणूस, त्याने घरच्या कॅलेंडरवर खुणा सुरू केल्या. कान तापलेले वेळीच कळले तर टिंब, ओरडणं झालं तर फुली. फुली मारायचा अधिकार मुलीला. ती आतल्या खोलीतून बाहेर येऊन फुली मारते, ही या घरातली छोटी गोष्ट नाही.

दीडेक महिना बरा गेला. मग गावची यात्रा आली.

पाहुणे, जेवणावळी, आणि त्यात चुलतभाऊ. कुणीतरी चौघांत विषय काढला, आणि चुलतभाऊ हसत म्हणाला, “कागद वाच आधी, मग बांधाचं बोल.” मिस्त्रींचे कान तापले, मूठ मिटली, त्यांनी ते ओळखलं, मूठ सोडली, उठून विहिरीकडे गेले. इथवर सगळं शिकवल्याबरहुकूम. पण परत आल्यावर ते कुणाशीच बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. चार दिवस घरात अबोला. पत्नीचा मला फोन आला : “अहो मॅडम, ओरडणं परवडलं. हे काय करून ठेवलं तुम्ही?”

त्यांचं म्हणणं रास्त होतं. राग उतरवणं आणि राग गिळणं बाहेरून सारखंच दिसतं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी १९९०च्या दशकात दाखवलं की भावना चेहऱ्यावर येऊ न देता दाबली, तरी ती आत जाणवायची तेवढी जाणवतेच, आणि शरीरावरचा ताण उलट वाढतो. दाबूनच ठेवायची असेल तर गुणगुणण्याचा उपयोग काय? मूठ सोडल्यावर जो मिनिटभर अवकाश मिळतो, तो बोलण्यासाठी आहे. तंत्राने मिनिट मिळवून देता येतं, बोलायला लावता येत नाही. आपल्याकडच्या कितीतरी ‘शांत झालेल्या’ माणसांच्या घरात नुसतं मौन वाढलेलं असतं, आणि त्याला आपण प्रगती म्हणतो. मला हे फार अस्वस्थ करतं.

म्हणून पुढच्या भेटींत श्वास बाजूला ठेवून वाक्यं घेतली. आधी, आत काय आहे हे ओळखणं. यात्रेत काय वाटलं? “राग.” आणखी? बराच वेळ गेला. “लाज. मला कागद वाचता येत नाही हे चौघांत बोलला.” आणि मोबाईलच्या दिवशी? “तेच. आणि भीती. पोरगं नापास झालं तर माझ्यासारखंच भट्टीपुढं उभं राहील.” मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७च्या मेंदू-अभ्यासात भावनेला शब्द दिल्यावर अमिग्डालाची प्रतिक्रिया कमी झालेली दिसली होती. त्या दुपारी मिस्त्रींचे खांदे खाली आलेले मला समोर दिसले.

मुलाशी बोलणं त्यांनी दवाखान्यात नको म्हटलं, शेतात केलं. दोघांनी मिळून मला नंतर सांगितलं ते असं. मिस्त्री म्हणाले, “मी हात उचलला ते चुकलं. मोबाईलबद्दल मला बोलायचंय, ते बोलणार. पण हात उचलणार नाही.” मुलगा बराच वेळ मातीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आणि पप्पा, सगळ्यांसमोर ‘फाउंड्रीतच मरशील’ म्हणू नका.”

“कधी म्हटलं मी?”

“नेहमी म्हणता.”

“बरं. नाही म्हणणार.” थोड्या वेळाने, “अभ्यास मात्र कर की गा.”

“करालोय.”

एवढंच. त्यात कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. मोबाईलची वेळ ठरली, रात्री दहानंतर तो आईच्या कपाटात. मिस्त्रींनी स्वतःचाही ठेवायचा, ही अट मुलाने घातली.

राहिला बांध. तिथला राग मी उतरवायला गेले नाही, कारण तो चुकीचा नव्हता. आपल्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणं, त्यासाठी रोजगार बुडवून खेपा घालणं, आणि त्यावरून भावकीत टोमणा ऐकणं, हे सोसायला श्वास शिकवणं म्हणजे अन्याय पचवायला शिकवणं. या भागात हे ओझं पुष्कळ मराठी घरांत आहे आणि ते नेमकं घरातल्या दुबळ्या माणसावर उतरतं. म्हणून ठरलं, कार्यालयात एकट्याने, उपाशी जायचं नाही. गावातले एक निवृत्त शिक्षक कानडी वाचतात, ते बरोबर. हद्द मोजणीचा अर्ज लेखी. राज्यघटनेच्या ३५०व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं, त्यामुळे मूळ निवेदन मराठीत, आणि काम अडू नये म्हणून सोबत कानडी प्रत. पोच घ्यायची. शिक्षकांनी त्यांना उताऱ्यावरचे मालकाच्या नावाचे, सर्व्हे नंबरचे आणि क्षेत्राचे रकाने ओळखायला शिकवले. स्वतःचं नाव कानडीत वाचता आलं, तो दिवस मिस्त्रींनी मला फोन करून सांगितला.

सध्याची स्थिती. दाब १३६-१४०/८६-८८च्या दरम्यान असतो. मध्यंतरी डॉक्टरांनी गोळीही बदलली, त्यामुळे सगळं श्रेय श्वासाला देता येणार नाही आणि गोळी त्यांनी मनाने बंद करायची नाही, हे दर भेटीत बजावते. कॅलेंडरवर फुल्या कमी आहेत, संपलेल्या नाहीत. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात वाढतात. झोपेला अजून मार्ग निघालेला नाही. पत्नी म्हणतात, “आता ओरडले तर स्वतःच परत येऊन सांगतात, की हे कारखान्याचं होतं.” मुलाला अजून त्यांच्या गप्प होण्याची धास्ती वाटते, आणि ती जायला महिने लागतील हे मी मिस्त्रींना सांगून ठेवलंय. माझ्या वेळेबाहेर फारच चढलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलायचं. तो क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि अनेक भारतीय भाषांत सेवा देतो. पत्नीनेही तो लिहून घेतला आहे.

मोजणीला चुलतभावाने हरकत घेतली आहे, तारीख पुढे गेली. पुढच्या भेटीत त्याच्याशी बोलायच्या वाक्यांचा सराव करायचा आहे, शिक्षकही यायला तयार आहेत. तारीख त्याआधी लागली तर मिस्त्री आदल्या दिवशी फोन करणार आहेत.